संगीताची पदवी घेतली, पुढे काय? : फ्लॉरेन्स प्राइस यांचं जगणं

वस्त्यांमध्ये काम करताना गेली काही वर्षं एक प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. संगीतात पदवी घेतलेली, विशारद झालेली आपली मुलं-मुली भेटतात आणि विचारतात, आता करायचं काय? एप्रिलमध्ये त्यांना दम खायला सवड नसते. चौकाचौकांत जयंतीचे कार्यक्रम, रात्र-रात्र जागरण, एका मंडपातून दुसऱ्या मंडपात धावपळ. वैशाख पौर्णिमा सरली की फोन वाजायचा थांबतो. मग कुणी शिकवण्या घेतं, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतं, कुणी दिवसा पार्सलं पोचवतं आणि रात्री रियाज करतं. घरातली माणसं म्हणतात, इतकी वर्षं फुकट घालवलीस. मुलांनाही हळूहळू तेच खरं वाटू लागतं.

आम्ही समाजशास्त्र शिकलो, संगीत नाही. त्यामुळे रागदारीच्या किंवा सुरावटींच्या अंगानं आम्ही काही सांगू शकत नाही. पण हा प्रश्न एकट्या संगीताचा नाही. शिक्षण मिळालं, गुणवत्ता सिद्ध झाली आणि तरी समाजानं जागा दिली नाही, तर माणसानं काय करायचं, असा तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला एका अमेरिकन कृष्णवर्णीय बाईचं आयुष्य सापडलं. त्यांचं नाव फ्लॉरेन्स प्राइस. आज जगातले मोठमोठे वाद्यवृंद त्यांच्या रचना वाजवतात. हयातीत मात्र त्यांना पोटासाठी सिनेमाच्या पडद्यापुढे बसून ऑर्गन वाजवावा लागला.

लिटल रॉकमधलं घर

फ्लॉरेन्स बिअट्रिस स्मिथ यांचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक शहरात झाला. वडील डॉ. जेम्स स्मिथ दंतवैद्य होते, आई संगीतशिक्षिका होती. गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम २२ वर्षं झाली होती. महात्मा फुले यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं ते १८७३ मध्ये, म्हणजे फ्लॉरेन्स यांच्या जन्माआधी १४ वर्षं. त्या मुक्त झालेल्या समाजाच्या पुढच्या पिढीची ही मुलगी.

त्या पिढीला वाटत होतं की शिकलो, व्यवसाय केला, नीटनेटकं राहिलो की गोरा समाज आपल्याला बरोबरीनं वागवेल. स्मिथ कुटुंब तसंच होतं. घरात पियानो होता, पुस्तकं होती. आईनंच मुलीला पियानो शिकवायला सुरुवात केली आणि चौथ्या वर्षी फ्लॉरेन्स यांनी लोकांसमोर वाजवलं. पण काळ उलटा फिरत होता. १८९१ मध्ये आर्कान्सानं रेल्वेच्या डब्यांत गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची बसायची जागा कायद्यानं वेगळी केली. हळूहळू शाळा, उपाहारगृहं, सभागृहं, सगळीकडे ही भिंत उभी राहिली. वडिलांची पदवी, आईचं संगीत, घरातली शिस्त यातलं काहीही त्या भिंतीला भोक पाडू शकलं नाही.

बोस्टनची पदवी आणि लपवलेलं गाव

१९०३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, फ्लॉरेन्स बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाल्या. अमेरिकेतल्या नामांकित संगीत विद्यालयांपैकी हे एक, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देणारं. तिथं त्या ऑर्गन आणि पियानो शिकल्या. विद्यालयाचे संचालक जॉर्ज चॅडविक हे स्वतः नावाजलेले संगीतरचनाकार होते आणि त्यांच्याकडे फ्लॉरेन्स यांना रचनेचे धडे मिळाले. अमेरिकन रचनाकारांनी युरोपची नक्कल करत बसू नये, आपल्या मातीतल्या सुरांकडे बघावं, असं मानणाऱ्यांपैकी चॅडविक होते. ही शिकवण फ्लॉरेन्स यांना पुढे उपयोगी पडली.

बोस्टनमधली एक गोष्ट मात्र आमच्या मनातून जात नाही. विद्यालयाच्या नोंदीत त्यांनी आपलं गाव लिटल रॉक लिहिलं नाही, मेक्सिकोतलं प्वेब्लो लिहिलं. हा सल्ला आईचा होता. मुलगी मेक्सिकन समजली गेली तर कृष्णवर्णीय म्हणून होणारा त्रास टळेल, एवढाच त्यामागचा हिशोब. यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण शहरात खोली मिळवताना आडनाव सांगायचं टाळणारे, डब्यात काय आहे ते झाकून जेवणारे, घरातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावणारे लोक आपणही पाहिले आहेत. त्यांना भेकड म्हणण्याआधी त्यांना तसं करायला कुणी लावलं, हे विचारायला हवं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला शांतपणे शिकता यावं म्हणून एका आईला तिचं गाव बदलावं लागलं, यात लाज त्या आईची नाही.

१९०६ मध्ये, १९ व्या वर्षी, त्या उत्तीर्ण झाल्या. हातात दोन प्रमाणपत्रं होती. एक ऑर्गनवादनाचं, दुसरं पियानो शिकवण्याचं.

पदवीनंतरची वीस वर्षं

एवढ्या शिक्षणावर गोऱ्या पुरुषाला एखाद्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळू शकत होती. पैसा असेल तर तो जर्मनीला जाऊन आणखी शिकून येई. चॅडविक स्वतः तसेच शिकून आले होते. फ्लॉरेन्स यांच्यापुढे हे रस्ते नव्हते. त्या आर्कान्साला परतल्या आणि कॉटन प्लँट नावाच्या लहानशा गावात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवू लागल्या. गावाच्या नावावरूनच कळतं की तो कापसाचा मुलूख. ज्या शेतांत आजोबा-पणजोबा गुलाम म्हणून राबले, त्याच मुलखातल्या मुलांना बोस्टनमध्ये शिकलेली मुलगी संगीत शिकवत होती.

वर्षभरानं त्या नॉर्थ लिटल रॉकच्या शॉर्टर कॉलेजमध्ये गेल्या. १९१० मध्ये अटलांटाच्या क्लार्क विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. तेव्हा त्यांचं वय २३ होतं. या सगळ्या संस्था कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या होत्या. म्हणजे पदवीनंतर त्यांना पहिली जागा दिली ती त्यांच्याच समाजाच्या संस्थांनी. संस्था का उभाराव्या लागतात, याचं याहून सोपं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही.

१९१२ मध्ये त्यांनी थॉमस प्राइस या वकिलाशी लग्न केलं आणि त्या पुन्हा लिटल रॉकला आल्या. दोन मुली झाल्या. एक मुलगा झाला, पण तो लहानपणीच गेला. घर सांभाळत त्या पियानोच्या शिकवण्या घेत राहिल्या आणि लहान विद्यार्थ्यांच्या बोटांना जमतील अशा छोट्या छोट्या रचना लिहीत राहिल्या. शिकवणीसाठी लिहिलेल्या या रचनांना कुणी मोठी कला म्हणत नाही. पण त्यातूनच हात लिहिता राहिला.

राज्यातल्या संगीतशिक्षकांच्या संघटनेकडे त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण त्या कृष्णवर्णीय होत्या. बोस्टनची पदवी होती, विद्यापीठात विभागप्रमुखपद सांभाळलेलं होतं, तरी नाकारला. तेव्हा त्यांनी लिटल रॉकमध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांचं स्वतःचं मंडळ काढलं.

मग १९२७ चा मे महिना आला. लिटल रॉकमध्ये जॉन कार्टर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या जमावानं फासावर लटकवलं, त्याच्यावर गोळ्या झाडल्या, मृतदेह मोटारीमागे बांधून शहरातून फरफटत नेला आणि कृष्णवर्णीयांच्या दुकानांच्या, कचेऱ्यांच्या भर वस्तीत आणून जाळला. जागा मुद्दाम निवडलेली होती. शिकल्यासवरल्या, व्यवसाय करणाऱ्या कृष्णवर्णीयांना त्यांची पायरी दाखवायची होती. ज्यांनी खैरलांजी नंतरचे दिवस पाहिले त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. त्याच वर्षी प्राइस कुटुंबानं लिटल रॉक सोडलं आणि उत्तरेला शिकागो गाठलं. त्या काळात दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय असेच उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते. गाव सोडा, शहर गाठा, हे बाबासाहेबांनी आपल्याला का सांगितलं ते या स्थलांतराकडे बघितलं की पुन्हा एकदा पटतं.

चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी

शिकागोला आल्या तेव्हा फ्लॉरेन्स चाळीस वर्षांच्या होत्या. या वयात त्यांनी काय करावं? त्या पुन्हा शिकायला बसल्या. शहरातल्या वेगवेगळ्या संगीत विद्यालयांत त्यांनी रचना आणि वाद्यवृंदलेखन शिकून घेतलं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्मर या मोठ्या प्रकाशनानं त्यांची पियानोसाठीची एक रचना छापली.

पण घरात दुसरंच चाललं होतं. १९२९ पासून मंदी सुरू झाली, पैशाची ओढाताण वाढली आणि नवऱ्याचा जाच असह्य झाला. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला. पुढे दुसरं लग्न झालं, तेही फार टिकलं नाही. दोन मुलींची जबाबदारी त्यांच्यावर आली. मंदीच्या काळात, एकटी कृष्णवर्णीय बाई, व्यवसाय संगीताचा.

त्यांनी मिळेल ते काम घेतलं. मूकपटांच्या काळात सिनेमागृहात पडद्याच्या बाजूला ऑर्गन किंवा पियानो असे. पाठलाग सुरू झाला की ठेका वाढवायचा, नायिका रडू लागली की सूर उतरवायचे, पडद्यावरची नजर न काढता तास-दीड तास वाजवत राहायचं. फ्लॉरेन्स यांनी ते काम केलं. बोलपट आल्यावर हजारो वादकांचं हे काम बुडालं. रेडिओवरच्या जाहिरातींसाठी त्यांनी गाणी लिहिली. बाजारात खपणारी गाणी वेगळ्या नावानं लिहिली, ते नाव होतं व्ही जे. शिवाय शिकवण्या होत्याच.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही इथं थांबवतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं म्हणून, जाहिरातीची चाल बांधली म्हणून तुमचं शिक्षण बाटत नाही. फ्लॉरेन्स प्राइस यांनी ती कामं केली, पैसे घेतले, घर चालवलं. त्यांनी फक्त एक केलं. पोटासाठी लिहायचं ते एका नावानं, आणि स्वतःचं म्हणून लिहायचं ते आपल्या खऱ्या नावानं, असा हिशोब वेगळा ठेवला. बोस्टनला असताना गाव लपवणाऱ्या या मुलीनं आपल्या मोठ्या कामावर मात्र आपलंच नाव घातलं.

मोडलेला पाय आणि स्वयंपाकघरातलं टेबल

१९३१ च्या सुरुवातीला त्यांचा पाय मोडला. बाहेरची कामं बंद झाली. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी सिंफनी लिहायला घेतली. सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, चार भागांची. व्हायोलिनपासून नगाऱ्यापर्यंत प्रत्येक वाद्यानं कोणत्या क्षणी काय वाजवायचं ते रचनाकारानं कागदावर लिहायचं असतं. असं काम करायला सलग वेळ लागतो. एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी गंमतीनं म्हटलं होतं की पाय मोडण्याचं असं भाग्य पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. कष्टकरी बाईला लिहायला निवांत वेळ मिळावा म्हणून पाय मोडावा लागतो, ही गंमत आपल्या आया-बहिणींना लगेच कळेल.

या दिवसांत त्या आपल्या विद्यार्थिनी मार्गारेट बाँड्स यांच्या घरी मुलींसह राहायला गेल्या. मार्गारेट यांची आई एस्टेला बाँड्स संगीतशिक्षिका होत्या आणि शिकागोच्या दक्षिण भागातलं त्यांचं घर कृष्णवर्णीय कलावंतांचा अड्डा होतं. कवी लँग्स्टन ह्यूज तिथं येत, गायक येत, वादक येत. पैसा कुणाकडेच फारसा नव्हता, पण जेवणाच्या पंगतीला एक माणूस वाढला म्हणून त्या घरानं कधी तोंड वाकडं केलं नाही.

सिंफनी लिहून झाली तरी काम संपत नाही. मूळ हस्तलिखितातून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवून काढावा लागतो. आज संगणकावर हे काही मिनिटांत होतं. तेव्हा ते हातानं, बोरूनं करावं लागे. नकलनवीस ठेवायला पैसे नव्हते. मग एखाद्या स्पर्धेची मुदत जवळ आली की बाँड्स यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती शिकागोतले संगीत जाणणारे शेजारीपाजारी, मित्र-मैत्रिणी बसत आणि रात्री उशिरापर्यंत स्वरलेखन उतरवून काढत.

१९३२ मध्ये कृष्णवर्णीय रचनाकारांसाठी असलेली वानामेकर स्पर्धा झाली. फ्लॉरेन्स यांच्या ई मायनर सिंफनीला पहिलं बक्षीस मिळालं, ५०० डॉलरचं. त्यांच्या पियानो सोनाटालाही बक्षीस मिळालं. त्याच स्पर्धेत मार्गारेट बाँड्स यांनाही गीतरचनेसाठी बक्षीस मिळालं. एकाच घरात, एकाच टेबलावर गुरू आणि शिष्या दोघींचा सन्मान झाला.

१५ जून १९३३

त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यानिमित्तानं शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक फ्रेडरिक स्टॉक यांनी १५ जून १९३३ रोजी फ्लॉरेन्स प्राइस यांची सिंफनी वाजवली. अमेरिकेतल्या पहिल्या रांगेतल्या वाद्यवृंदानं कृष्णवर्णीय बाईची सिंफनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. त्याच मैफलीत मार्गारेट बाँड्स पियानोवर होत्या. तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या.

इतिहासात एवढंच लिहिलं जातं. पण या मैफलीचा खर्च उचलला कुणी, हे आपल्याला ठाऊक हवं. मोड रॉबर्ट्स जॉर्ज या कृष्णवर्णीय बाई ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात संगीतावर लिहीत आणि शहरातल्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. कार्यक्रम व्हावा म्हणून त्यांनी स्वतः २५० डॉलर भरले. मंदीच्या वर्षात ही रक्कम लहान नव्हती. मोठ्या वाद्यवृंदाचं दार उघडलं ते एका संचालकाच्या रसिकतेनं, आणि तितकंच एका बाईच्या पदरच्या पैशानं.

आणि सिंफनीत होतं काय? तिचा तिसरा भाग जुबा या नाचावर बेतलेला आहे. मळ्यांवरचे मालक गुलामांना ढोल बाळगू देत नसत, कारण ढोलातून एका मळ्याचा निरोप दुसऱ्या मळ्यावर जाईल, बंड होईल, ही भीती. ढोल गेल्यावर माणसांनी स्वतःचं अंगच वाद्य केलं. मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांनी आणि पायांनी ते ठेका धरू लागले. तोच जुबा. फ्लॉरेन्स यांनी गुलामांचा हा ठेका शहरातल्या सर्वांत प्रतिष्ठित सभागृहात, गोऱ्या वादकांच्या हातून वाजवून घेतला. वाद्यांच्या यादीत त्यांनी आफ्रिकी ढोलही घातले. चामड्याला हात लावणारा म्हणून ज्याला अस्पृश्य ठरवलं, त्यानंच बनवलेल्या वाद्यावर देवळातलं संगीत उभं राहिलं, हे माहीत असलेल्या आपल्या समाजाला या ढोलांचा अर्थ सांगावा लागत नाही.

टाळ्या थांबल्यावर

सिनेमा असता तर इथं संपला असता. आयुष्य संपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शिकवण्या सुरू झाल्या. १९३४ मध्ये त्यांचा पियानो कंचेर्टो झाला आणि तो त्यांनी स्वतः वाजवला. ९ एप्रिल १९३९ रोजी वॉशिंग्टनमध्ये मोठी घटना घडली. मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला एका सभागृहानं रंगामुळे जागा नाकारली, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सुमारे ७५ हजार लोकांपुढे गायल्या. त्या दिवशी त्यांनी गुलामांच्या परंपरेतलं एक भक्तिगीत गायलं, त्याची बांधणी फ्लॉरेन्स प्राइस यांची होती. तो फ्लॉरेन्स यांचा वाढदिवस होता.

१९४० मध्ये त्यांची तिसरी सिंफनी डेट्रॉइटला वाजली. तो वाद्यवृंद मंदीत बेकार झालेल्या वादकांना काम देण्यासाठी सरकारी योजनेतून उभा राहिला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी तिची तालीम ऐकली आणि आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात तिच्याबद्दल लिहिलं. सरकारनं कलावंताला भीक न देता रोजगार दिला की काय घडतं, याचं हे उदाहरण.

तरीही मोठ्या वाद्यवृंदांची दारं बंदच राहिली. १९४३ मध्ये त्यांनी बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक सर्ज कूसेव्हित्स्की यांना पत्र लिहिलं. आपल्या वाटेत दोन अडथळे आहेत, एक बाई असण्याचा आणि दुसरा अंगात कृष्णवर्णीयांचं रक्त असण्याचा, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. सवलत नको, रचना फक्त गुणावर तपासा, अशी त्यांची मागणी होती. त्या संचालकांनी त्यांची एकही वाद्यवृंदरचना वाजवली नाही. ज्या बोस्टनमध्ये शिकताना त्यांना गाव लपवावं लागलं, त्याच बोस्टनला त्यांनी जवळपास चाळीस वर्षांनी आपली ओळख उघड सांगून पत्र लिहिलं. उत्तरापेक्षा हा प्रवास आम्हाला मोठा वाटतो.

अखेरच्या वर्षांत इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदासाठी सर जॉन बार्बिरोली यांनी त्यांच्याकडून रचना मागवली. हृदयविकारामुळे त्यांना तिकडे जाता आलं नाही. युरोपच्या प्रवासाची तयारी पुन्हा चालू असतानाच ३ जून १९५३ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं. आदल्या वर्षीच त्यांनी दुसरा व्हायोलिन कंचेर्टो लिहून पूर्ण केला होता.

पडक्या घरातली बाडं

मग विस्मरण सुरू झालं. त्यांची बरीच हस्तलिखितं कुठं आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाच्या गावात एका दांपत्यानं पडकं घर दुरुस्तीला घेतलं. झाड पडून छपराला भगदाड पडलं होतं, चोरांनी घर उचकटलेलं होतं. एका कोरड्या राहिलेल्या भागात त्यांना कागदांची बाडं सापडली. सगळ्यांवर एकच नाव होतं. ते घर फ्लॉरेन्स प्राइस यांचं उन्हाळ्यात राहण्याचं घर होतं. त्या बाडांत दोन व्हायोलिन कंचेर्टो होते, चौथी सिंफनी होती. पाऊस दोन हात पलीकडे पडला असता तर हे सगळं लगदा झालं असतं.

ती कागदपत्रं आता आर्कान्सा विद्यापीठात आहेत, म्हणजे ज्या राज्यातल्या संगीतशिक्षकांनी त्यांना सभासद करून घेतलं नाही त्याच राज्यात. चौथी सिंफनी पहिल्यांदा २०१८ मध्ये वाजली, तीही आर्कान्सातच. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानं वाजवलेल्या त्यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाला २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांना जाऊन ६९ वर्षं झाली होती.

आपण काय करायचं?

या आयुष्यातून हार मानू नका एवढाच बोध काढला तर आपण फ्लॉरेन्स प्राइस यांच्यावर अन्याय करू. त्यांनी हार मानली नाही हे खरं. पण त्यांच्यामागे कॉटन प्लँटची शाळा होती, शॉर्टर कॉलेज होतं, एस्टेला बाँड्स यांचं घर होतं, टेबलाभोवती नकला उतरवणारे हात होते, २५० डॉलर भरणाऱ्या मोड रॉबर्ट्स जॉर्ज होत्या. कलावंत एकटा जिद्दी असून भागत नाही. समाजालाही जिद्द लागते.

इथं आम्हाला स्वतःबद्दल बोललं पाहिजे. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही वस्तीतल्याच पदवीधर मुलामुलींचा संच बोलावला. मंडपवाल्याला, साउंडवाल्याला, लाइटवाल्याला आगाऊ पैसे दिले. गाणाऱ्यांना शाल, पुष्पगुच्छ आणि एक पुस्तक दिलं. समाजाचं काम आहे, पैसे कसे मागणार, असं आम्हीच म्हणालो. त्यातल्या तबला वाजवणाऱ्या मुलानं दोन वर्षांनी तबला विकला. आम्ही हळहळलो. पण तो विकायला लावण्यात आमचाही वाटा होता, हे कळायला आम्हाला फ्लॉरेन्स प्राइस वाचाव्या लागल्या.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो आणि तुमच्या मंडळांनीही त्या पाळाव्यात असं सुचवतो. पहिली, वर्गणीचा हिशोब मांडताना सगळ्यात वरच्या ओळीत कलावंतांचं मानधन लिहायचं, साउंडचं भाडं त्याच्या खाली. दुसरी, विहाराचा हॉल आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी रियाजाला मोकळा ठेवायचा. एका खोलीच्या घरात रियाज होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तिसरी, जुन्या गायकांच्या, शाहिरांच्या, गीतकारांच्या वह्या घराघरांत जाऊन पाहायच्या, मोबाइलवर त्यांची पानं टिपायची आणि नावनिशी लिहून ठेवायची. किती वह्या पत्र्याच्या पेटीत, पोटमाळ्यावर, रद्दीच्या गठ्ठ्यात पडून आहेत याची मोजदाद कुणी केलेली नाही. आपल्याकडची घरं पावसाळ्यात गळतात.

आणि जे आता पदवी घेऊन बाहेर पडलेत त्यांना एवढंच सांगायचं आहे. कीबोर्ड वाजवा, शिकवण्या घ्या, जाहिराती करा, पैसे मागून घ्या, लाजू नका. पण आपली एक वही ठेवा. तिच्यावर आपलं खरं नाव आणि खरं गाव लिहा. आणि ती कुठं ठेवली आहे हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.